आधी रुमाल, मग बिल

“खाणारा माणूस चोर नसतो हो साहेब, चोर खिशात घालतो,” असं दुकानात कामाला असलेली ती एकदाच म्हणाली होती, तेही दुकानाच्या पहिल्या मॅनेजरला, अठरा वर्षांपूर्वी.

त्या दिवशी दिवस भरत आलेली एक बाई भाजीच्या रांगेत उभ्या उभ्या काकडी खात होती. मॅनेजरनं तिला सगळ्यांदेखत हटकलं. बाईनं अर्धी काकडी जागेवर ठेवली, भरलेली टोपली जमिनीवर ठेवली आणि गेली ती पुन्हा कधी आली नाही. दातांच्या खुणा असलेली ती काकडी संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होती. कुणाचा हात तिला लागेना. शेवटी हिनंच उचलली. दुसऱ्या दिवसापासून हिच्या एप्रनच्या खिशात कागदी रुमालांची चवड आली आणि दुकानात हिचं नाव पडलं रुमालबाई.

सात रांगांचं ते मोठं दुकान. पैसे द्यायच्या आधीच माल तोंडात टाकणाऱ्यांवर नजर ठेवणं हे तिचं काम. ती दबक्या पावलांनी जाई, पण दबा धरून बसत नसे. कुणी बिस्किटांचा पुडा फोडला की शेजारी जाऊन उभी राही.

“घ्या, हात पुसा. सावकाश खा, ठसका लागेल. रॅपर तेवढं टाकू नका, काउंटरला लागतं.”

बस्स, एवढंच. हातात कागदी रुमाल दिसला की काउंटरवरची पोरगी हात पुढे करी. “रॅपर?” लोक निमूट देत. सुट्या मालाला रॅपर कुठून आणणार? त्यासाठी रुमालबाईनं मुठीचं माप काढलं होतं. गिऱ्हाईकानं मूठ दाखवायची, अर्धी, एक, दोन, आणि पोरीनं तेवढा माल तोलून बिलात धरायचा. तोंडानं खोटं सहज बोलता येतं. मूठ मात्र खोटी दाखवताना माणसाचा हात अडखळतो, असा तिचा अनुभव.

माणसं तिला तोंडपाठ होती, म्हणजे अक्षरशः तोंडावरून पाठ. द्राक्षवाले आजोबा ‘गोड आहेत का बघतो’ म्हणत प्रत्येक घडाची चौकशी करत आणि शेवटी बटाटे घेऊन जात. ऑफिसला जाणारी एक मुलगी रोज सकाळी आठ पन्नासला मांडणीवरच्या बाटलीतलं अत्तर मारून जाई. एक टकले गृहस्थ विक्रीच्या कंगव्यानं कानामागची झालर विंचरून कंगवा परत ठेवत. त्यांनाही ती रुमाल देई. “काका, कंगवा पुसून ठेवा. आणि मागे थोडे राहिलेत.” काका लाजून दर दोन महिन्यांनी एक कंगवा विकत घेत. त्यांच्या घरी कंगव्यांचं काय होत असेल, याचा विचार ती कधीकधी पांढऱ्या ट्यूबलाइटच्या त्या निर्जीव उजेडात, रिकाम्या रांगेत उभी राहून करत असे.

मग नवा मॅनेजर आला. टाय लावणारा, तरुण, हिशेबी. आठ दिवस त्यानं बघितलं आणि नवव्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, हे दुकान आहे की खानावळ? काल एक माणूस मला म्हणाला, ‘रुमाल आणा जरा.’ मला!”

“मग दिलात का?”

“बाई!” त्यानं तिच्यापुढे एक फोन सरकवला. “खाणाऱ्यांचे फोटो काढायचे. ते दाराशी लावणार आपण. शनिवारपर्यंत दहा. नाही जमलं तर सोमवारी कॅमेरे बसतील, आणि तुम्ही घरी बसाल.”

घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. घरात ती आणि गुडघेदुखीनं अंथरूण धरलेली नणंद. नवरा गेल्यावर दोघी एकमेकींना धरून राहिल्या होत्या. कमावणारे हात दोनच, आणि ते एप्रनमध्ये.

तिनं फोटो काढायला घेतले. पण चोरून काढणं तिला येईना. ती समोर जाऊन फोन धरी आणि लोक बिचारे नीट उभे राहत. द्राक्षवाल्या आजोबांनी कॉलर सारखी केली, एक द्राक्ष हिऱ्यासारखं चिमटीत धरलं आणि म्हणाले, “असं बरंय? मोठा करून द्या हं, मुलाला पाठवतो.” अत्तरवाल्या मुलीनं मान तिरकी केली. कंगवेवाल्या काकांनी आधी झालर विंचरून घेतली.

शुक्रवारपर्यंत नऊ झाले. संध्याकाळी तिनं नणंदेला फोन दाखवला. नणंद हसता हसता पलंगावरून पडायची बाकी राहिली.

“अगं वहिनी, हे काय चोर आहेत? ह्यांची तर लग्नं जमवायचीत जणू!” मग तिनं एक फोटो बोटांनी मोठा केला. “हा आजोबांच्या मागे टायवाला कोण गं? गाल बघ केवढा फुगलाय!”

मागे सुट्या काजूंचा डबा होता. डब्याशी मॅनेजर होता. एक मूठ डब्यात आणि एक तोंडात.

“वन्सं, हे तो रोजच करतो. माल तपासतो म्हणे.”

“झालं की मग तुझं काम! उद्या सगळ्यांसमोर दाखव. काउंटरपाशी, गर्दीत. चांगली जिरव त्याची.”

रुमालबाईला ती अर्धी काकडी आठवली, दातांच्या खुणांची. त्या खुणांवर कुणाचं नाव नव्हतं. कुणाच्याही असू शकल्या असत्या. त्या रात्री तिला झोप जरा उशिराच लागली.

शनिवारी ती केबिनमध्ये गेली आणि आधी दार लावून घेतलं. फोन टेबलावर ठेवला.

“दहा आहेत, साहेब.”

तो एकेक फोटो सरकवू लागला. “हे हसतायत का सगळे? ... हा कंगवा खातोय का?” शेवटी त्यानं मान वर केली. “नऊच आहेत.”

“दहा आहेत. आजोबांचा परत बघा.”

त्यानं बघितला. बराच वेळ बघितला. बाहेरून ट्रॉल्यांची खडखड ऐकू येत होती. त्याच्या टायच्या वरचा गळा हळूहळू लाल झाला, आणि त्या लाल गळ्यात तो एकदम लहान दिसू लागला, आईनं डबा न दिलेल्या मुलासारखा.

“सकाळी लवकर निघावं लागतं,” तो फोनकडेच बघत म्हणाला. “घरी कुणी उठलेलं नसतं.”

तिनं एप्रनच्या खिशातून एक कागदी रुमाल काढला, घडी उलगडली आणि त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं रुमाल उचलला. खाल्लेलं काहीच नव्हतं, तरी बोटं पुसली, एकेक करून. मग खालच्या आवाजात विचारलं, “सुट्या मालाला रॅपर नसतं. मग काउंटरवर...?”

तिनं हात वर करून मूठ वळली.

तो मुठीकडे बघत राहिला. मग स्वतःची मूठ टेबलावर ठेवली, वळली, पुन्हा सोडली, पुन्हा वळली. हात अडखळला.

“रोज दोन,” तो म्हणाला. “आल्यापासून. नाही, शुक्रवारी तीन.” मग फोन उचलून त्यानं खणात टाकला आणि खण लावला. “हा राहू दे इथंच. कॅमेऱ्यावाल्याला मी कळवतो, येऊ नको म्हणून. आणि बाई, ते रुमाल संपत आलेत का? मागवून ठेवतो.”

काचेपलीकडे दुसऱ्या रांगेत कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडत होतं. रुमालबाईनं खिसा चाचपला, चवड नीट केली आणि दार उघडून बाहेर पडली.