तपासणीच्या दिवशी मी भरवलेली जत्रा

हे बाहेर सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. पण आता काय सांगू तुम्हाला, पोटात राहतच नाही!

साताऱ्यात आमच्या दोन खोल्यांत आईचं पाळणाघर आहे. कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडतात, संध्याकाळी नेतात. यंदा सरकारनं नियम बदलले. प्रत्येक मुलाला वेगळं अंथरूण, उकळलेलं पाणी आणि परवाना नव्यानं काढायचा. तपासणीत नापास झालं तर पाळणाघर बंद! आईनं एकटीनं भिंती रंगवल्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या.

नेमकी तपासणीच्या दिवशी निम्मी मुलं तापानं घरी! आई मागं पाणी उकळत होती. मी रिकाम्या गोधड्यांकडे बघत राहिले.

आमच्या शाळेत तपासणी असली की गुरुजी काय म्हणतात? "रानातली, मामाच्या गावाला गेलेली, सगळी पोरं वर्गात पायजेत!" वर्ग भरला की साहेब खूश. मग मी काय वेगळं केलं, सांगा?

एरवी पाहुणा आला की मी दाराआड लपते. पण त्या दिवशी गल्लीभर हिंडून पोरं गोळा केली. कोपऱ्यावरच्या आजीनं तर जुळी नातवंडं माझ्या हातात कोंबली. "ने बाई ने! उद्या दिलीस तरी चालंल!"

तपासणीच्या बाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो ताई, एका बाईमागे किती मुलं ठेवायची ते नव्या नियमात ठरलंय. ही काय जत्रा भरवलीत?"

आई धावत आली. "आवं बाई, ही आमची न्हाईत!"

"मग कुणाची?"

परवाना हातचा चालला होता हो! कधी नव्हे ते मी तोंड उघडलं. "मी गोळा केलीत. तुम्ही खूश व्हावं म्हणून."

"आधी परत दिऊन ये, जा!" आई ओरडली.

मी इतकी घाबरले, की दिसेल ते पोर उचलून पोचवत सुटले. खोली रिकामी!

"आता पाळणाघराची मुलं कुठायत?" बाईंनी विचारलं.

ती आजीच्या ओट्यावर, जुळ्यांशेजारी!

परत आणली, तशी सगळी आईला बिलगली. बाई हसत खाली बसल्या, गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, परवाना तुमचाच." आमच्या भागात असा नवा परवाना सगळ्यात आधी माझ्या आईला मिळाला, बरं का!

आईनं मात्र घरात एक जादा नियम केला. तपासणी आली की मला म्हसवडला मावशीकडे धाडायचं. आजही तपासणी आहे, म्हणून मी इथंच आहे. मावशीनं कोंबड्या कोंडायचं काम दिलंय. म्हटलं बरं झालं, कोंबड्यांना काही परवाना लाग—

"सुजे! आगं, ह्या कुणाच्या कोंबड्या कोंडल्यास? शेजारीण बोंबलाय लागलीया, ये हिकडं!"