घरगाडीचं दार

नविनभाईंच्या घरगाडीचं दार पुन्हा कुजलं, आणि लक्ष्याचं डोकंच फिरलं. पुन्हा कुजलं हो! गेल्या पावसाळ्याआधी त्याने स्वतःच्या हाताने ते खोललं होतं, आतलं भुसा झालेलं प्लायवुड काढून नवंकोरं बसवलं होतं. आणि आता बोटाने दाबलं तर पत्र्याआडून पचकन आवाज आला.

घरगाडी म्हणजे आत पलंग, शेगडी, मोरी असलेली गाडी. शहरातले लोक तिला कॅम्पर म्हणतात. बोर्डीच्या चिकूवाडीत ती ताडपत्रीखाली उभी असायची. तिच्या मागच्या अंगाला, पलंगाखाली सामान ठेवायला, बाहेरून उघडणारं गुडघाभर उंचीचं दार होतं. टायर, बॅटरी, खिडक्या, बाकी सगळं लक्ष्याने एकेक करून मार्गी लावलं होतं. एवढा उपद्व्याप कशासाठी? तर त्याला घरी जायचं होतं.

घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या पाड्यावर. तिथे बायको शुक्री, मुलगी दक्षा आणि भाताचं एक खाचर. २०१४ साली लक्ष्या या वाडीत चिकू उतरवायला आला तो एका हंगामापुरता. त्यातच त्याला साप चावला. वाडीचे मालक नविनभाई त्याला आपल्या गाडीत घालून डहाणूला घेऊन गेले, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या पत्नी जयश्रीबेन उशाशी बसून राहिल्या. पुढच्याच वर्षी जयश्रीबेन गेल्या. दोघांनी द्वारकेला जायचं म्हणून हौसेने घेतलेली घरगाडी जागची हललीच नाही. दिवसकार्य उरकल्यावर नविनभाई म्हणाले, "लक्ष्या, मी एकदा हिच्या नावाने द्वारका करून येतो. तोवर तू वाडी सांभाळ. मग तू मोकळा." आणि त्यांनी फाटकाची किल्ली त्याच्या हातात दिली. हरवू नये म्हणून त्याने ती कमरेच्या करगोट्याला बांधली.

झालं! तिथेच अडकला गडी. सणावाराला एक रात्र घरी जायचा, की दुसऱ्या दिवशी वाडीवर हजर. ज्यांनी जीव वाचवला त्यांना "मी चाललो" कोणत्या तोंडाने सांगायचं? सकाळी मनाशी पक्कं ठरवून ओट्यापर्यंत जायचा. नविनभाई झोपाळ्यावर एकटेच बसलेले दिसायचे, आणि हा "शेठ, चहा आणू?" म्हणून माघारी फिरायचा. मूर्ख कुठला! फाटकाबाहेरून एसटी गेली की याचा जीव नुसता गलबलायचा. मग एकच ध्यास, गाडी नीट करायची. गाडी नीट झाली की शेठ द्वारकेला जातील, आणि आपण सुटू.

म्हणून गेल्या वर्षी या दारावर त्याने जीव ओतला होता. पोरवयात तो डहाणूच्या खाडीवर होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली राबलेला. दार खोलल्यावर खालच्या कडेला त्याला बारीक बारीक भोकं दिसली, तेव्हा तो हसला होता. एवढी भारी गाडी, आणि बनवणारा भोकं बुजवायला विसरला! होडीला भोक म्हणजे जलसमाधीच. त्याने तेलात भिजवलेला कापूस त्यांत ठोकून भरला, वरून राळ ओतली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

तेच दार मांडीवर घेऊन तो बसला होता, तेवढ्यात फाटक वाजलं. शुक्री आली होती. त्याने किल्लीने कुलूप काढलं, तिला आत घेतलं आणि पुन्हा लावलं.

शुक्रीने पाणीसुद्धा मागितलं नाही. "भाताचं आवण लावणीला आलंय," ती म्हणाली. "पाड्यातली घरं पाळीपाळीने एकमेकांच्या खाचरात लावणी करतात, तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं सगळे आपल्याकडे राबून गेले. आपल्या घरातून त्यांच्याकडे मी एकटीच जाते. आता माझा खांदा वर होत नाही. यंदा कोणत्या तोंडाने बोलवू? तू आलास तर लावीन, नाहीतर शेत पडीक टाकते."

"एवढं दार झालं की येतोच."

"गेल्या साली पण दारच होतं."

लक्ष्या पत्रा उचकटू लागला. शुक्री शेजारी उकिडवी बसून बघत राहिली.

"पाणी शिरतं कुठून?"

"वरून. रबर जुनं झालंय."

"आणि जातं कुठून?"

"जातं म्हणजे? सगळी भोकं बुजवलीत मी!"

"अरे, बांधाला पाणी जायला तोंड ठेवतोस ना? नाही ठेवलं तर आवण सडतं. इथे राहून शेत पण विसरलास?"

ते त्याला फार लागलं. त्याने टोचा घेऊन राळ फोडली, कापूस ओढून काढला. काळं, वास मारणारं पाणी भळभळ त्याच्या पायांवर आलं. ते पुरतं निथळेपर्यंत तो बघत बसला. मग तसाच ओल्या पायांनी उठला आणि ओट्यावर गेला; मागोमाग शुक्री.

"शेठ, मला लावणीला जायचंय. आता परत नाही येणार." एका दमात बोलला, नाहीतर पुन्हा चहाच निघाला असता.

नविनभाईंनी पायाने झोपाळा थांबवला. "मग जा नी! तुला अडवलं कोणी?"

"तुम्हीच म्हणाला होतात. द्वारका झाली की मोकळा."

"मी?" म्हातारा किती तरी वेळ आठवत राहिला. "अरे, ती गेली तेव्हा बोललो असेन काहीतरी. आता मी एकटा कुठली द्वारका करतो? मला वाटलं, तुलाच इथे गमतंय. जा म्हटलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी गप्प."

लक्ष्याला राग असा आला की दार उचलून आपटावं. पण कोणावर? दक्षा परकर सोडून ओढणी घ्यायला लागली ती वर्षं कोणाकडून मागायची?

"दार वाळलं की नवं प्लाय घालून घ्या शेठ," तो म्हणाला. "भोकं बुजवू नका." आणि किल्ली द्यायला कमरेला हात घातला. गाठ इतकी आवळली होती की बोटांना दाद देईना. शुक्री पुढे झाली, वाकली आणि दातांनी तिने करगोटाच तोडला.

"किल्ली तर तुझ्याच कमरेला होती," ती म्हणाली.

लक्ष्याने ती शेठच्या हातात ठेवली. नविनभाई काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि कुलूप त्यांनी स्वतः उघडलं.