ताईच्या सहीची चित्रं

माझ्या थोरल्या बहिणीनं माझ्या एकाही चित्राला कधी बरं म्हटलं नाही. भांडुपच्या चाळीत असताना, मी दुसरी-तिसरीत असेन, गावच्या घरामागचं नारळाचं झाड काढलं होतं. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, चित्रकलेच्या परीक्षा देऊन शेफारलेली. तो कागद तिनं गॅलरीत सगळ्यांना दाखवला. "ओळखा बघू, हे झाड आहे की झाडू?" आई हसली, शेजारच्या काकू हसल्या, गिरणीतून नुकतेच आलेले बाबाही हसले. पुढं कितीतरी दिवस चाळीतली पोरं मला झाडू म्हणूनच हाका मारायची.

तेव्हापासून मला एकच हाव होती. माझं एक चित्र हिनं बघावं आणि म्हणावं, हे तुझं आहे आणि चांगलं आहे. पन्नाशी उलटली तरी ही हाव गेली नाही. लाज वाटते, पण आहे ते आहे.

ताई शाळेत चित्रकलेची बाई झाली. मुली तिला घाबरायच्या आणि तिच्यावर जीवही टाकायच्या. निवृत्त झाल्यावर तिनं मढला समुद्राला लागून दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्न केलं नव्हतं, माणसांची तिला तशी गरजही नव्हती. मागच्या दारी वाळू, पलीकडे कोळणींनी सुकत घातलेले बोंबील, आणि कुंपणाकडेनं जे काय आपोआप उगवेल ते: रुई, घाणेरी, पावसाळ्यात तेरडा आणि कुर्डू, वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल. ती हेच रंगवायची. समुद्र आणि रानफुलं. चित्रं सुरेख असायची. हे मी आजही नाकारत नाही.

मग तिचा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा, नंतर ब्रश धरवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि ताईनं मला फोन केला. बरी आहेस का, वगैरे काही नाही. "रविवारी ये. कोणाला बोलू नकोस."

मी गेले. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रो, मग रिक्षा, मग वर्सोव्याहून मढची बोट. दारात पाऊल टाकलं तर तिनं माझ्या हातात ब्रश दिला आणि माझ्या मागं खुर्ची टाकून बसली. अगदी मनातलं बोलायचं असलं की ताई आमच्या मालवणीवर येते. म्हणाली, "हात तुझो, डोळे माझे. मधी आपली अक्कल घालू नको."

दोन वर्षं मी दर रविवारी तिच्या चित्रांसाठी राबले. "निळ्यात एवढं पाणी? भांडी घासतेस काय?" "ही लाट आहे की वाळत घातलेली चादर?" "पाकळी एकदाच टेकव, गिरवू नकोस. तुला ना, लहानपणापासून गिरवायचीच सवय." एकदा क्षितिजाची रेघ वाकडी गेली म्हणून तिनं ओला कागद माझ्या डोळ्यांसमोर बोळा करून फेकला आणि वर विचारलं, "चहा टाकतेस ना?" तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. मी चहा टाकायचे.

सहीसुद्धा मीच करायचे. तिची सही मोठी झोकदार, शेवटचं अक्षर शेपटीसारखं खाली ओढलेलं. आठ दिवस घरी सराव करून ती मी हुबेहूब उचलली. ती सही तेवढी तिला पसंत पडली. "हे जमतं बघ तुला," म्हणाली.

माझा नवरा विचारायचा, "कशाला जातेस गं अपमान करून घ्यायला?" त्याला काय सांगणार? हात तयार होत होता. तिच्या शिव्या खात खात मला पाणी कळायला लागलं, कागद कळायला लागला. शिवाय तिच्याएवढं चांगलं शिकवणारं दुसरं कोणी मला मिळालंही नसतं. ती मला शिकवत नव्हती, वापरत होती, पण मी शिकत होते.

एका रविवारी जेवणानंतर गोळीच्या गुंगीत ती खुर्चीतच झोपली. मी तिचं अर्धवट चित्र बाजूला ठेवलं आणि एक नवा कागद घेतला. मागच्या दारी मर्यादवेल एका तुटक्या चपलेवर आणि जाळ्याच्या हिरव्या चिंधीवर चढली होती. दुपारची वेळ, सकाळची फुलं कोमेजून चुरगळली होती. ताईनं असलं कधीच काढू दिलं नसतं. कचरा लोक रोज बघतात, त्याचं चित्र कशाला, असं तिचं म्हणणं. मी चप्पल रंगवली, चिंधी रंगवली, मान टाकलेली फुलं रंगवली. समुद्र अगदी वर, बोटभर. ती घोरत होती आणि मी इतकी खुशीत होते की मध्येच हसू फुटलं. चित्र वाळल्यावर तिच्या फोल्डरमध्ये सगळ्यात खाली सरकवलं. सही केली नाही. तिची करावीशी वाटली नाही आणि माझी करायची हिंमत झाली नाही.

पुढं तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी अंधेरीत एक हॉल घेऊन तिच्या गेल्या दोन वर्षांतल्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यांनीच मढला येऊन फोल्डर नेलं, त्यांनीच बिनकाचेच्या फ्रेमा केल्या. ताईचा हात गेलाय हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. ती त्यांच्यासमोर हात पदराखाली घेऊन बसायची, आणि बाईंना थंडी वाजते असं त्या समजायच्या.

मी हॉलवर पोचले तर अख्खी गर्दी एकाच चित्रापाशी. कोमेजलेली फुलं, चप्पल. विद्यार्थिनींतली एक आता दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, "बाई, बाकीची सुंदर आहेत, पण इथून हलवत नाही हो. रडायला येतं. आणि सही राहिलीये बघा यावर." तिनं पर्समधून पेन काढलं.

ताई पुढं आली. तिनं ते चित्र पहिल्यांदाच बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मी तिचं तोंड न्याहाळत होते. तिला ते आवडलं होतं. चांगलं चित्र बघताना ती खालचा ओठ आत घेते, तसा घेतला होता. गप्प राहिली असती तर चित्र तिचं झालं असतं, आणि मी काही बोलले नसते. आणि खरं बोलली असती, तर मी तिला सगळं माफ केलं असतं, झाडूसकट.

"हे माझं नाही," ती म्हणाली. माझे कान गरम झाले. "माझ्या बहिणीचं आहे. ही घरी ब्रश धुवायला येते, उरलेल्या रंगात काहीतरी खेळते. उतरवा ते. माझ्या चित्रांत शोभत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी कीव येऊन हसलं. भिंतीवर दोन वर्षांचे माझे रविवार टांगलेले होते, आणि मी ब्रश धुणारी. चित्र माझं आहे हे ती चारचौघांत बोलली, पण ते असं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

मी हसून डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "अगं, उतरव की, काही हरकत नाही. पण पेन काढलंच आहेस तर बाईंच्या हातात दे. त्या निळ्या समुद्राखालची सही पुसट झालीये. सगळ्यांसमोर नव्यानं करू दे. फोटोही निघेल."

"हो बाई, प्लीज!" सगळ्याच ओरडल्या. मोबाइल वर झाले.

ताईनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे विनवणीनं बघितलं. मी मान हलवली नाही. डॉक्टरीण लाडानं पुढं झाली, तिनंच बाईंचा हात पदराखालून बाहेर काढला आणि बोटांत पेन दिलं. पेन हवेत थडथडत राहिलं. ताईनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. मोबाइल एकेक करून खाली आले. पेन पडलं आणि फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं नाही. डॉक्टरीण एकदा त्या हाताकडे बघत होती, एकदा भिंतीवरच्या चित्रांकडे. तिला कळलं. हळूहळू सगळ्यांनाच कळलं, आणि कोणाला कुठं बघावं ते सुचेना.

ताई माझ्याजवळ आली. फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता बरा वाटला तुका?"

"हो," मी म्हटलं. खरंच बरं वाटलं होतं.