सीटवरचं प्लास्टिक

श्यामकांत दातारांनी आनंदनगरच्या पंपांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं एकच काम केलं: दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं. पगारच त्याचा मिळायचा, त्यामुळे कोणी नावं ठेवली नाहीत. पण निवृत्तीनंतरही माणसाने लाल पेन्सिल खिशातून काढू नये, हे जरा अतीच. कात्रपच्या भाजीवालीने तर त्यांना वांगी निवडायला बंदी घातली होती.

गेलं दीड वर्ष ते जुनी सेडान शोधत होते. बायकोच्या, म्हणजे कुमुदिनीबाईंच्या, थोरल्या बहिणीने, गुहागरच्या अक्कांनी, ऐंशी ओलांडली होती. दर रविवारी त्या फोनवर विचारायच्या, "कधी येतेस गं?" कुमुदिनीबाईंचे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नव्हते, म्हणून गाडी. मिळाली की निघायचं, एवढं ठरलेलं. पण एकीचं दार नीट लागेना, दुसरीच्या बॉनेटचा रंग निराळा, तिसरीचे टायर एकाच बाजूने झिजलेले. अकरा गाड्यांवर लाल फुली पडली. तिकडे अक्का फोनवर नावं विसरायला लागल्या होत्या.

बारावी गाडी उल्हासनगरात, कॅम्प पाचमध्ये निघाली. नवरा-बायको दोघंही बघायला गेले. मालक हिरानंद, सत्तरी ओलांडलेले, कापडाचं दुकान मुलावर सोपवून घरी बसलेले. गाडी दहा वर्षांची, पण धावलेली जेमतेम अठरा हजार. श्यामकांतांनी बॉनेट उघडलं, ऑइल पाहिलं, गुडघ्यांवर बसून खालचा पत्रा पाहिला, डिकीतली स्टेपनीसुद्धा सोडली नाही. औषधाला खोट सापडेना. सीटवर तर शोरूमचं प्लास्टिक जसंच्या तसं.

"मानलं हिरानंदभाई," ते म्हणाले. "काय ठेवलीय गाडी!"

"मैंने किधर ठेवली, साहेब? मिसेसने ठेवली. प्लास्टिकला हात लावू देत नव्हती. बोलायची, नाशिकला बेटीकडे जाऊ, उस दिन निकालेंगे." हिरानंद दाराच्या काचेवरून रुमाल फिरवत राहिले. "कधी सीझन, कधी लग्नसराई. आज जाऊ, कल जाऊ. दोन साल झाले, एकटीच निघून गेली."

श्यामकांतांना बायकोकडे बघायची लाज वाटली. दीड वर्ष आपण गाड्या तपासत होतो की अक्कांचे दिवस वाया घालवत होतो? तेहतीस वर्षांत एवढी मोठी चूक त्यांच्या नजरेतून निसटली नव्हती.

"अहो," कुमुदिनीबाई हलकेच म्हणाल्या, "हिच्यात काय निघालं?"

त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीटवरचं प्लास्टिक टराटरा ओढायला सुरुवात केली.

"अरे साहेब, पहिले भाव तर बोला!"

"बोलू हो भाव. गाडी घेतली." आणि वर न बघता ते बायकोला म्हणाले, "अक्कांना फोन लाव. शनिवारी येतो म्हणावं."

मागचं झालं, ड्रायव्हरचं झालं. मग ते डावीकडच्या पुढच्या सीटकडे वळले, तेव्हा हिरानंदांनी त्यांचा हात धरला.

"ही राहू द्या, साहेब. ही तिची. इसका मैं निकालता हूँ."

कुमुदिनीबाई कानाला फोन लावून दाराशी उभ्या राहिल्या. हिरानंद वाकले आणि कडेकडेने, कुठेही फाटू न देता, प्लास्टिक सोडवू लागले.