कवठ्याहून दौंडला, जिवाणूंचं विरजण आणायला

आमच्या गोठ्याचं पाणी शेजारच्या तात्यांच्या विहिरीत मुरतंय, हे तपासणीत निघालं आणि माझी झोप उडाली. शेणामुताच्या पाण्यातला नायट्रोजन नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो आणि तान्ह्या बाळाला तसलं पाणी घातक. तात्यांची नात जेमतेम महिन्याची. "उन्हाळ्याच्या आत सोय कर, न्हाईतर गोठा हलव," एवढंच ते बोलले. गोठा हलवायला आम्हाला दुसरी जागा नाही.

गोठ्याचं पाणी साफ करायला मी दोन टाक्या बांधल्या, पण नायट्रोजन काढणारे जिवाणू आणायचे कुठून? कृषी प्रदर्शनात भेटलेले दौंडजवळचे आबा म्हणाले होते, "आमच्या टाक्यांतला गाळ ने की, त्यातच असत्यात ते!" दोन कॅन आणि एक बादली घासूनपुसून निघालो.

कवठे येमाईहून शिरूर, न्हावऱ्यावरून चौफुला, मग पाटसवरून दौंड. गळिताच्या हंगामात जाणार असाल तर हाताशी वेळ ठेवाच. उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची एसटी रांगत होती. चौफुल्याला भेळ झकास मिळते. मी मात्र कॅनकडे बघत उभ्यानेच संपवली.

पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आबांच्या मंडळींना, म्हणजे मावशींना, गाळ कशाला हवा ते मी समजावलं, "म्हणजे विरजणच समजा." तिथंच फसलो.

"मग दिवा लावल्यावर न्हाई द्यायचं," मावशी म्हणाल्या.

आबा हसले. "विरजण म्हणालास, आता ऱ्हा मुक्कामाला!"

बरंच झालं. सकाळच्या उजेडात टाक्या बघायला मिळाल्या. पहिलीत पंपाने हवा सोडलेली. डोळे चुरचुरवणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट तिथले जिवाणू करतात. दुसरीत हवा नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडा होऊन वर येतो. आपण श्वासात घेतो ती हवा बहुतेक नायट्रोजनच! मुताचा वास असा निरुपद्रवी होऊन आभाळात निघालेला बघून मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

दोन्ही टाक्यांतला गाळ वेगवेगळ्या कॅनमध्ये भरला, झाकणं आवळली, वर प्लास्टिक आणि सुतळी. सांडायची भीती!

मावशी ओरडल्या, "आरं, जित्राब नेतोयस का लोणचं? पयल्या टाकीतल्यांना हवा लागती. त्यांचं झाकण काढ, आन् वाटंत वर-खाली करीत जा."

मग काय, परतीला एक कॅन उघडा, मांडीत.

"काय हाय हे?" कंडक्टर.

"जिवाणू."

"तिकीट काढलंय का त्यांचं?"

मागून एक बाई म्हणाल्या, "वासावरनं तर मेल्यात!"

चौफुल्याला आणि शिरूरला उतरून मी गाळ कॅनमधून बादलीत, बादलीतून कॅनमध्ये ओतत होतो. एक डोळा एसटीवर. "चहा गार करतोय व्हय?" कुणीतरी विचारलंच.

घरी दोन्ही टाक्यांत गाळ सोडला. थंडीत जिवाणू मंद असतात. पुष्कळ दिवस काहीच दिसेना आणि माझा जीव टांगणीला. तोवर बाळाचं पाणी गावच्या नळावरून मीच भरून देत होतो. मग एका दुपारी दुसऱ्या टाकीत बुडबुडे! नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली, रंग जवळजवळ आलाच नाही. पळत जाऊन तात्यांना घेऊन आलो. विहीर सुधारायला मात्र वेळ लागेल, हेही सांगितलं.

तात्या टाकीच्या कडेला उकिडवे बसले. बराच वेळ बुडबुडे बघत राहिले.

"ह्ये खातात काय?"

"गोठ्याचंच पाणी."

"मग गाया हलवून कसं चालंल?" गुडघ्यावर हात टेकून उठत ते म्हणाले. "उपाशी मरतील की ही."