फुल व्हर्जन

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि रविवारी दुपारची जेवणं आटोपली की बुजगावणी मारते. यातली दुसरी गोष्ट कॉलेजात कुणाला ठाऊक नाही. पहिलीबद्दलही माझ्या भावाला शंका आहे, पण ते पुढे येईलच.

खेळ जुना आहे, मी अकरावी-बारावीत होते तेव्हाचा. एका परदेशी शेतातली बुजगावणी जिवंत झाली आहेत आणि शेताचा मालक, म्हणजे आपण, त्यांना मारत सुटलोय. मालकाचं तोंड कधीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांतून आपण बघतो आणि पडद्याच्या खालच्या बाजूला त्याचे दोन हात दिसतात, हातात पत्र्याचा पाइप. पाइपातून गोळी सुटत नाही, सलगमाचा गोल कंद सुटतो. तो लागला की बुजगावण्याच्या पोटातून तणस बाहेर येते आणि ते एक उसासा टाकून सभ्यपणे खाली बसतं. हा खेळ ज्याने बनवला तो माणूस जन्मात कधी शेतात गेला नसावा, किंवा फारच गेला असावा.

खेळ आमच्याकडे आला दादामुळे. दादा माझा मोठा भाऊ. बी.एस्सी. झाल्यावर बी.एड.ला नंबर लागेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून त्याने आर्वीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत, कॉम्प्युटर क्लास काढला. आत येताना चपला बाहेर काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. समोरच्या कापसाच्या जिनिंगमधली रुई खिडकीतून उडत येऊन थेट कॉम्प्युटरवर बसायची, तिला मात्र कुणी काही म्हणत नव्हतं. सकाळच्या बॅचला टायपिंग शिकणाऱ्या मुली, संध्याकाळी स्पर्धा परीक्षावाले. दुपारी खोली रिकामी असायची. त्या वेळात मी दादाचा डबा घेऊन जायचे. त्याने नागपूरहून आणलेल्या एका मासिकासोबत फुकट सीडी मिळाली होती, तिच्यात हा खेळ होता.

माउस बिघडलेला होता, म्हणून सगळं कीबोर्डवर. बाणांची बटणं दादाकडे, स्पेसबार माझ्याकडे. म्हणजे पाय त्याचे, हात माझे.

"डावीकडं घे, दादा."

"घेऊनच राह्यलो. तू मार."

"समोर येऊ तं दे त्याले."

"समोर आल्यावर काय मारतं? मंग तेच मारते."

असं आम्ही त्या शेतभर फिरायचो. शेतात सगळीकडे दाट धुकं होतं. बुजगावणं अगदी नाकाशी येईपर्यंत दिसायचं नाही आणि दिसलं की मी ओरडायचे. परदेशात असंच धुकं असतं, असं दादाने मला समजावलं होतं. शेताच्या टोकाला एक मोठं लाल दार असलेली कोठी होती. सगळी बुजगावणी मारून त्या दारात गेलं की पडदा काळा व्हायचा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या. पहिली होती 'थँक यू फॉर प्लेइंग'. ती आम्हाला समजली. दुसरी होती 'ऑर्डर द फुल व्हर्जन'.

दोघंही मराठी शाळेतले. पण दादा बी.एस्सी. होता.

"ऑर्डर म्हणजे हुकूम," तो म्हणाला. "वरून हुकूम सुटला."

"कोनाले?"

"फुल व्हर्जनले."

"हे कोन होय आता?"

"दाराच्या मांगं जे हाय ते. सगळ्यायचा बाप असन."

आज इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून सांगते, व्याकरणात हे बसतं. 'ऑर्डर'ला कर्म लागतं, आणि 'फुल व्हर्जन' हे कर्म आहे. एवढं सगळं बरोबर येऊनही अर्थ पार चुकू शकतो, हे मी पुढे वर्गात अनेकदा पाहिलं.

तेव्हा आम्ही असं ठरवलं की हुकूम मोडून दार उघडायला शेतात कुठेतरी एखादी वस्तू लपवलेली असणार. मग ती शोधणं सुरू झालं. विहिरीभोवती फिरलो, कुंपणाचा खांब न् खांब सलगम मारून पाहिला. सकाळच्या बॅचच्या मुलींनाही हे कळलं आणि त्यातल्या दोघी टायपिंग सोडून विहिरीत उतरायचा रस्ता शोधू लागल्या. फुल व्हर्जन दिसायला कसं असेल यावर खोलीत मतभेद होते. एकीचं म्हणणं, त्याला डोकंच नसणार. लाइट गेली की आम्ही अंधारलेल्या पडद्यासमोर बसून त्याच्याबद्दलच बोलायचो. ती वस्तू सापडली नाही. दादाचा बी.एड.ला नंबर लागला, कॉम्प्युटर कुणीतरी नेला, क्लास बंद झाला आणि मी वर्ध्याला शिकायला आले.

फुल व्हर्जन मला भेटलं ते फार नंतर, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. तिथल्या कॉम्प्युटरवर व्हायरस मारायचं काहीतरी फुकटचं टाकलेलं होतं. त्याची मुदत संपली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला: ऑर्डर द फुल व्हर्जन. मी एम.ए. होते, नोकरी पक्की झालेली होती, आणि त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्याच्या कुठल्याशा कोपऱ्यात त्या दारामागे एक बुजगावणं खरोखर उभं होतं. मला इतकं हसू आलं की शेजारच्या मॅडमनी पाणी आणून दिलं. ठसका लागला, असं मी सांगितलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते कृषी खात्यात आहेत. तेव्हापासून त्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब आमच्या घरात फुल व्हर्जन म्हणूनच ओळखले जातात. दादाला मात्र सांगितलं नाही. तोवर तो आर्वीकडच्या एका शाळेत हेडमास्तर झाला होता. गावोगावी त्याला भाषणाला बोलावत. मुलांना मोबाइलच्या नादापासून कसं वाचवावं हा त्याचा ठरलेला विषय, आणि तो छान बोलतो. अशा माणसाला जाऊन सांगायचं की बाबा, ऑर्डर म्हणजे मागवा, हुकूम नव्हे? मला त्याची दयाच आली. एवढा शिकला, एवढा मान मिळवला, आणि मनात ते एक बुजगावणं तसंच राहून गेलं.

मग मागच्या वर्षी पेपरच्या कामासाठी मी नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर एकदा तो खेळ समोर आला. रीमास्टर्ड. म्हणजे खेळ तोच, पण धुऊन, इस्त्री करून. मी तो घेतला, उघडला, आणि पहिली पाच मिनिटं माझ्या लक्षातच येईना की काय बिघडलंय. मग लक्षात आलं, धुकं गेलं होतं. ते धुकं परदेशातलं नव्हतंच. जुन्या कॉम्प्युटरला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं म्हणून त्यांनी झाकायला ते टाकलं होतं. आता पार कुंपणापर्यंत स्वच्छ ऊन होतं. बुजगावणी लांबूनच दिसत होती. त्यांच्या शर्टांची ठिगळं, शिवणीचे टाके, सगळं. ज्या शेतात आम्ही दुपारच्या दुपारी घालवल्या ते आमच्या पिपरी मेघेच्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटएवढं होतं. मी लाल दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पुढे एकटीने जावंसं वाटेना.

दादा आणि वहिनी केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले होते, परतताना आमच्याकडे जेवायला थांबले. रविवारच होता. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला.

दादाने चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे तं आपलं वावर होय."

"बस."

"मी? अवं, मी पोरायले काय सांगत फिरतो..."

"इथं कोनी पोरं नाईत. पाय तू घे, हात मी घेतो."

तो बसला. आधी खुर्चीच्या टोकावर, मग नीट. आता माउस चांगला होता आणि हे सगळं एका माणसाला आरामात जमतं, पण आम्ही जुन्यासारखीच वाटणी केली. दादा चालू लागला, आणि तो शाळा तपासायला आल्यासारखा चालत होता. प्रत्येक बुजगावण्यासमोर थांबायचा, त्याच्याकडे नीट पाहायचा. मी मारलं की पुढे. वहिनी दिवाणावर बसून बघत होत्या. हे दाराला टेकून उभे होते.

लाल दाराशी येऊन दादाने बोट उचललं.

"थांब," तो म्हणाला.

मी गंभीर चेहरा केला. "हो. आता फुल व्हर्जन येईन."

हे एकदम वळले आणि पाणी प्यायला आत गेले. दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने तो वर्गात कच्च्या मुलांकडे बघत असणार.

"तुले अजूनई तेच वाटते?"

"काय?"

"अवं, ते विकत घ्या म्हणत होते. अर्धा खेळ फुकट, बाकीचा मागवा. फुल व्हर्जन म्हणजे पुरा खेळ. तिथं बुजगावनं-बिजगावनं कोनी नव्हतं."

"तुले कधी कळलं?"

"क्लास होता तेव्हाच. माउस पाहाले नागपूरचा मानूस आला होता, तो बोल्ला."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"खेळ संपला म्हटलं असतं तं डबा कोनं आनला असता?" तो म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "आन् नंतर तू इंग्रजीत एम.ए. झाली. लोकाच्या पोरायले इंग्रजी शिकवून राह्यली. मंग मले वाटलं, आता इले हे सांगनं बरं नाई दिसत. वाईट वाटून घेईन."

म्हणजे इतकी वर्षं हेडमास्तर माझ्यावर दया करत होते.

"दादा, मले माहीत होतं," मी म्हणाले. "कवाचंच माहीत होतं."

"हो, हो."

"खरंच. स्टाफरूममंधी कळलं मले. विचार ह्यायले."

हे पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले होते. "खरं आहे दादा, तिने मला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"जवाईबापू तं तुयाच बाजूनं बोलतीन," दादा म्हणाला. "जाऊ दे. त्यात काय एवढं. इंग्रजी भाषाच तशी हाय."

मी मोठ्या साहेबांचं उदाहरण दिलं. ते आमच्या घरात कधीपासून फुल व्हर्जन आहेत तेही सांगितलं. ऐकताना दादा मान हलवत होता, जशी भाषणानंतर प्रश्न विचारणाऱ्यांसमोर हलवतो. त्याचा विश्वास बसला नाही, आजही बसलेला नाही. मागच्या महिन्यात त्याने एका इंग्रजी पत्राचा अर्थ विचारायला फोन केला आणि मी सांगितल्यावर म्हणाला, "एकदा कोनाले दाखवून घेतो."

त्या दुपारी मात्र आम्ही दार उघडलं. दारापलीकडे नवीन रान होतं, आम्ही कधीच न पाहिलेलं. चढउतार, ओढा, वळणावळणाची वाट. दादाचे पाय तिथे चालेनात. तो वळायला जायचा आणि सगळं रान त्याच्याभोवती गरगर फिरायचं. ओढ्यापाशी आम्ही दोनदा मेलो. मग त्याने टेबल घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

"मले गरगरून राह्यलं."

वहिनींनी उठून त्याला लिंबूपाणी करून दिलं आणि दिवाणावर आडवं केलं. मी लॅपटॉप बंद करायला गेले तर त्या खुर्चीत येऊन बसल्या.

"ताई, चालते कसं? या बटनांनं?"

"तुम्ही खेळता?"

"खेळत नाई. वावर पाहातो."

वहिनींचं माहेर शेतकऱ्याचं, घरी अजून कपाशी आणि तूर असते. त्यांनी बुजगावण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती मागे लागली की मला म्हणायच्या, "त्यायले तुमी पाहा," आणि आपल्या धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, चालत राहायच्या. सलगमाचा वाफा दिसला तिथे थांबल्या. लावणी दाट झाली आहे, असं त्यांचं मत पडलं. विहिरीत डोकावल्या. लाल दारापलीकडे, ओढ्याच्या अलीकडे, मालकाचं घर होतं; त्याला चक्कर मारली, खिडकीतून आत पाहिलं.

"एवढं वावर आन् निंदाले एक बाई नाई," त्या म्हणाल्या. "गवत पाहा केवढं माजलं."

"ते शोभेचं गवत हाय, वहिनी."

"शोभेचं गवत वावरात कायले ठेवते कोनी?"

घरामागे गोठा निघाला. त्यात एक गाय होती. आपला जीव कमी झाला की तिच्याजवळ जायचं, दूध प्यायचं, जीव भरतो. लगेच पुन्हा गेलं तरी ती पुन्हा देते. माझ्या नेमबाजीत आमचा जीव फार खर्च झाला होता, म्हणून मी वहिनींना पुनःपुन्हा गोठ्यात न्यायला सांगत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी बटणावरून बोट काढून घेतलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "आता नाई. काहीतरी तिलेबी राहू द्या."

बुजगावण्यांनी आम्हाला गोठ्याच्या दारातच गाठलं. वहिनी शांतपणे बघत राहिल्या, पडदा काळा झाला, आणि त्या चहा ठेवायला उठल्या. दादाला बरं वाटल्यावर, उन्हं उतरायच्या आत, दोघं आर्वीला निघून गेले.

वहिनींचा फोन साधारणपणे सणावाराला येतो, नाहीतर लोणच्याच्या दिवसांत. त्या आठवड्यात मधेच आला. मी तब्येत विचारली, दादाची विचारली. सगळं ठीक होतं.

"ताई, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "त्या गाईचं वासरू दिसलं का तुमाले कुठं?"

"नाही बा."

"मंग दूध कसं देते ते?" त्यांनी विचारलं. "पायजा बरं एकदा. असन तिथंच कुठं. बांधलं असन कोनं."

मी म्हणाले, पाहते. आणि पाहते आहे. ओढ्याच्या पलीकडे जायला मला अजून जमलेलं नाही, पण अलीकडचं सगळं रान पालथं घातलंय. एका छपरामागे काहीतरी तपकिरी हललं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर बुजगावणंच होतं. मी मारायच्या आतच त्याने मला मारलं.