'घरीच बरे व्हा' सांगणारी जाहिरात

डॉक्टरमावशींना 'नक्की' हा शब्द सहन होत नसे. मी टाइप करून आणलेल्या लेखात तो दिसला की त्या लाल पेन उचलायच्या आणि कागद फाटेल इतक्या जोरानं खोडायच्या. "माणसाच्या शरीरात नक्की काय असतं गं?" असं विचारून वर माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघायच्या. मी मेकॅनिकल शिकत होते. मला काय ठाऊक!

जर्मनीतल्या आखन शहरातल्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांच्या त्या मावशी. मूळच्या सांगलीच्या. वीसेक वर्षं जर्मन इस्पितळांत हाडांच्या डॉक्टर म्हणून नोकरी केल्यावर त्यांनी निवृत्त होणाऱ्या एका डॉक्टरांची प्राक्सिस, म्हणजे दवाखाना, चालवायला घेतली. आधीचे डॉक्टर मागेल त्याला इंजेक्शन देत. मावशी म्हणत, "रोज चाला." वर्षभरात निम्मे पेशंट दुसरीकडे गेले. वसंतापर्यंत पेशंट वाढले नाहीत, तर दवाखाना बंद होणार होता आणि काउंटरवरच्या हेल्गाबाईंची नोकरीही जाणार होती.

हेल्गाबाईंनीच उपाय सुचवला. घरोघरी फुकट येणाऱ्या साप्ताहिकात तेव्हा लेखासारख्या जाहिराती येत. डॉक्टरांनी आजाराविषयी लिहायचं, खाली पत्ता द्यायचा. वर 'आन्त्साइगं', म्हणजे जाहिरात, असं छापावं लागे. बाकीचे तो शब्द जमेल तितका बारीक ठेवत. मावशींनी फोन करून तो मोठा करायला लावला. "वर्तमानपत्रानं माझं कौतुक केलंय असं कुणाला वाटायला नको." पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

टायपिंग माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. डॉक्टरांना उलट प्रश्न विचारता येतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मावशींनी ते शिकवलं, म्हणजे शिकायची वेळ आणली. पाठदुखीवरच्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं: 'बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागत नाही.'

"मावशी," मी चाचरत म्हटलं, "मग लोक आपल्याकडे कशाला येतील?"

"ज्यांना गरज आहे ते येतील."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बरे होतील. तुला वाईट वाटतंय का?"

साप्ताहिकानं त्यांचा पांढऱ्या कोटातला हसरा फोटो मागितला. मावशींनी त्याऐवजी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट पाठ न वाकवता कसा उचलावा, याचं स्वतः काढलेलं चित्र पाठवलं. चित्र लोकांना फार आवडलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं ते कापून तळघरात चिकटवलं. "गेनाऊ, अगदी असंच उचलतो आता," तो मला खुशीत म्हणाला. "पाठ दुखायचीच थांबली!" मी हे हेल्गाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. आमची जाहिरात आमचेच पेशंट पळवत होती.

फेब्रुवारी आला तरी वेटिंग रूममधल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. शेवटच्या लेखात मी मावशींना न विचारता एक वाक्य घातलं: 'अनेकांना पहिल्याच भेटीत आराम पडतो.' दुसरं काही बदललं नाही. 'पाय बधिर होत असेल तर मात्र त्याच दिवशी या' हे त्यांचं वाक्यही तसंच ठेवलं.

सोमवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. हेल्गाबाई मला बघून हसल्या. मावशींनी साप्ताहिक मागवलं, वाचलं आणि त्या वेटिंग रूमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "पहिल्या भेटीत आराम पडतो, हे खरं नाही," त्या म्हणाल्या. "ते माझ्या नावानं छापलंय, म्हणून चूक माझी. तरीही थांबायचं असेल त्यांनी थांबा." निम्म्याहून जास्त लोक कोट चढवून निघून गेले. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

थांबलेल्यांत एक ट्रकचालक होता. दोन दिवसांपासून त्याचा पाय बधिर होत चालला होता. मावशींनी तपासून त्याला तिथूनच अँब्युलन्सनं इस्पितळात पाठवलं आणि त्याच दिवशी त्याचं ऑपरेशन झालं. पाय बधिर होण्याबद्दलचं वाक्य त्यानं वाचलंच नव्हतं. तो आला होता माझं वाक्य वाचून.

दवाखाना एप्रिलमध्ये बंद झाला. हेल्गाबाईंना जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे काम मिळालं. मावशी न्युरेम्बर्गजवळच्या एका इस्पितळात नोकरीवर रुजू होणार होत्या. सामान बांधायला मी गेले होते. इतके दिवस गिळलेलं शेवटी बोलून टाकलं. "मावशी, माझं चुकलं. पण त्या माणसाचा पाय माझ्या त्या वाक्यामुळेच वाचला ना?"

"हो," खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्या म्हणाल्या. "तरी ते खोटंच होतं. ते टोक धर जरा."

मी टोक धरलं. या बाईशी वाद घालायला पुढे कितीतरी मुद्दे सुचले, प्रत्येक वेळी वाटलं, आता फोन करून ऐकवावं. पण फोन उचलला की मनातल्या पहिल्याच वाक्यात 'नक्की' सापडतो, आणि मी चिडून फोन खाली ठेवते.